घोडा एच-तीन

रोज संध्याकाळी सात वाजता दोन सख्खे भाऊ फोनवर भेटायचे, आणि तरीही चार वर्षं त्यांच्यात अबोला होता. हे ऐकलं की लोकांना वाटायचं, सांगणाऱ्याची काहीतरी गल्लत होते आहे. पण गल्लत अजिबात नव्हती. धाकटा फोन लावायचा आणि म्हणायचा, “प्यादं ई-चार.” पलीकडून थोरला म्हणायचा, “ई-पाच.” की खट्. फोन बंद. दुसऱ्या दिवशी सातला पुढची खेळी.

धाकट्याचं वय अठ्ठावन्न. या वयाच्या माणसाला धाकटा म्हणू नये खरं तर, पण घरात एकदा पडलेलं नाव टक्कल पडल्यावरही निघत नाही. तो कवळ्या बनवायचा. दातांचे डॉक्टर माप घेऊन प्लास्टरचे साचे पाठवत, आणि हा आपल्या खोलीत बसून मेणात एकेक दात लावी, जबडा मिटतो कसा ते हलवून बघे, मग पक्की कवळी ओतून चाकावर घासून चकचकीत करी. शहरातली निम्मी म्हातारी माणसं त्याच्या दातांनी हसायची, याचा त्याला मनातून अभिमान होता. थोरला, म्हणजे दादा, सहा वर्षांनी मोठा. तो दुसऱ्या शहरात राहायचा. रस्त्यांचे नकाशे काढण्यात सारी नोकरी काढून आता निवृत्त होऊन घरी बसलेला, आणि स्वभावही तसाच, पट्टी लावून आखलेला.

बुद्धिबळ दोघांना शिकवलं वडिलांनी. त्यांचा नियम एकच होता: मांडलेला डाव मोडायचा नाही. पाहुणे येवोत, ताप येवो, दोघा भावांत जुंपून एकाचं नाक फुटो. नाक पुसायचं आणि पटाशी येऊन बसायचं. पुढे भाऊ दोन गावांना पांगले तेव्हा डाव फोनवर आला. पांढऱ्या सोंगट्या ज्याच्या, त्याने सातला फोन करायचा आणि आपली खेळी सांगायची. दुसऱ्याने तिथल्या तिथे उत्तर द्यायचं, विचार करायचा असला तर “उद्या” म्हणायचं. हरेल त्याला पुढच्या डावात पांढऱ्या. त्या काळी खेळी एका मिनिटात उरकायची आणि बाकीचा अर्धा तास पोरांच्या परीक्षा, सांधेदुखी, शेजाऱ्यांचे नमुने यांत जायचा.

मग चार वर्षांपूर्वी वडिलांचं आतडं फुटलं. ते धाकट्याकडे होते. डॉक्टर म्हणाले, तासाभरात ऑपरेशन करायला हवं, आणि वय बघता खात्री देत नाही. धाकट्याने दादाला तीनदा फोन लावला, तिन्ही वेळा तो नुसता वाजत राहिला, आणि शेवटी धाकट्याने एकट्याने सही केली. तिसऱ्या दिवशी वडील गेले. दादा आला, सगळं आवरेपर्यंत गप्प राहिला आणि निघताना दारात म्हणाला, “मला न विचारता सही केलीस.” धाकटा म्हणाला, “तीनदा फोन केला होता.” दादा म्हणाला, “माझा फोन वाजलाच नाही.” एवढं बोलून तो जिना उतरला.

आठव्या दिवशी सातला फोन वाजला. “हत्ती डी-एक,” दादा म्हणाला. डाव अर्धा राहिला होता ना! नियम म्हणजे नियम. धाकट्याने आपली खेळी सांगितली आणि विचारलं, “दादा, कसा आहेस?” खट्.

पहिल्या वर्षात त्याने असे पुष्कळ खडे टाकून पाहिले. “तिकडे थंडी आहे का?” खट्. “वहिनीचं बरं आहे ना?” खट्. एकदा तर त्याने नुसतं “हं” म्हटलं, त्यालाही खट्. दुसऱ्या दिवशी सातला मात्र काही घडलंच नाही अशा आवाजात खेळी हजर. तेव्हा धाकट्याने नाद सोडला. जास्त ताणलं तर ही दोन शब्दांची दोरीही तुटायची, अशी त्याला भीती वाटे. त्यापेक्षा ई-चार, ई-पाच बरं. निदान आवाज तरी कानावर पडतो. आणि मनात, दात घासून गुळगुळीत करताना, जेवताना, अंथरुणावर पाठ टेकताना, तो एकच हिशेब घालत बसे: सही केली नसती तर? चार वर्षांत त्याचं उत्तर आलं नव्हतं.

जावाजावांचं मात्र छान चाललं होतं. त्या दोघींनी या भांडणाची दखलच घेतली नाही. नवरे खेळी सांगून मोकळे झाले की अर्ध्या तासाने धाकट्याची बायको वहिनीला फोन लावायची आणि दोन्ही घरांची बित्तंबातमी इकडून तिकडे जायची. त्यातूनच एका संध्याकाळी ते कळलं. बायकोने फोन ठेवला आणि खुर्ची ओढून समोर बसली.

“भाऊजींच्या हृदयाची झडप बदलायला सांगितली आहे. महिन्याभराने सोमवारची तारीख आहे.”

“मग?”

“मग काय! हो म्हणत नाहीत, नाही म्हणत नाहीत. सहीचा कागद पटाखाली सरकवून ठेवलाय आणि विषय काढला की उठून बाल्कनीत जातात. डॉक्टर म्हणाले, फार लांबवू नका. वहिनी रडत होत्या.”

“मी बोलू?”

“बोला की. फोन आपटतील आणि वर उद्यापासून डावही बंद करतील.” बायको शाळेत भूगोल शिकवायची. कुठे दरी आहे आणि कुठे पूल, हे तिला बिनचूक कळायचं.

त्या रात्री धाकटा विचार करत राहिला. दादाला आपणहून बोलायला लावायचं तर एकच जागा उरली होती, ती म्हणजे पट. पण पटावर दादाला बोलायची गरजच पडत नसे. सुरुवातीच्या दहा-बारा खेळ्या त्याला तोंडपाठ. ई-चार म्हटलं की ई-पाच, घोडा म्हटला की घोडा. मळलेल्या रस्त्यावरून माणूस झोपेतही चालतो. तेव्हा त्याला रस्त्यावरून खाली उतरवला पाहिजे, असं धाकट्याने ठरवलं. आपण अशी खेळी करायची, की ती ऐकून दादाच्या तोंडून निघालंच पाहिजे: हे रे काय?

पांढऱ्या सोंगट्यांचा प्रश्न नव्हता. हरेल त्याला पांढऱ्या, आणि तो हरतच होता.

दुसऱ्या दिवसापासून कामाच्या खोलीत, दोन कवळ्यांच्या मधल्या वेळात, तो खिडकीजवळचा पट पुढ्यात घेऊन बसू लागला. शहाणा खेळाडू जे कधी करत नाही ते शोधून काढायचं, असा हा उलटा अभ्यास. कडेची प्यादी आधी ढकलून पाहिली. घोडे कडेला नेऊन बसवले, जिथे त्यांना निम्मीच घरं मिळतात. राजाला, ज्याला जपून कोपऱ्यात ठेवायचं, त्यालाच दुसऱ्या खेळीला अंगणात काढलं. बहुतेक खेळ्या वाईटच होत्या, त्यात शंका नाही. पण गंमत अशी झाली, की पन्नास वर्षं खेळून कंटाळलेला हा माणूस दुसऱ्याच खेळीला डोकं खाजवायला लागला. कुठल्याच पुस्तकातलं उत्तर नाही. जे काय दिसेल ते आपल्या डोळ्यांनी बघायचं. जी-चारला ढकललेलं प्यादं दिसायला मूर्ख, पण त्याच्यामागून उंट बाहेर डोकावला की पट तिरका उघडतो. घोडा एच-तीनला बसला की सगळे हसतील, पण त्याच्यापुढून एफचं प्यादं मोकळं धावतं. एकदा तर तो इतका रंगला, की मेण भांड्यात जळून खोलीभर धूर झाला.

“प्यादं ए-चार,” त्याने पहिल्या संध्याकाळी खडा टाकला.

“ई-पाच.” खट्.

दुसऱ्या दिवशी, “हत्ती ए-तीन.”

“उंट मारतो ए-तीन.” खट्. आयता हत्ती घेतला आणि साधं हसलासुद्धा नाही.

पुढचे डाव तर चार-चार दिवसांत गडगडले. धाकट्याने नामुष्की बाजूला ठेवली आणि एक वही केली. तिच्यात खेळी लिहायची आणि दादाने उत्तर द्यायला किती सेकंद घेतले तेही लिहायचं. जी-चार: दोन सेकंद. बी-चार: दोन. मग एक दिवस ई-चार, ई-पाच झाल्यावर त्याने श्वास रोखून सांगितलं, “राजा ई-दोन.” पलीकडे अकरा सेकंद नुसता श्वास ऐकू आला. मग, “घोडा एफ-सहा,” आणि नेहमीपेक्षा जोराचं खट्. अर्ध्या तासाने बायको हसत आली. “भाऊजी फोन ठेवून वहिनींना म्हणाले, याचं डोकं फिरलंय.”

“असं म्हणाला? हेच शब्द?”

“हेच शब्द.”

“पुन्हा सांग.”

चार वर्षांत दादा त्याच्याविषयी काहीतरी बोलला होता. डोकं फिरलंय तर फिरलंय! धाकटा त्या रात्री गाढ झोपला.

पण तारीख काही थांबणार नव्हती. सोमवार आठवड्यावर आला, कागद पटाखालीच होता. वहिनीचा आवाज रोज थोडा खाली उतरत होता, असं बायको सांगायची. वडिलांचं झालं तेव्हा निदान तासाभराचीच मुदत होती. इथे रोज सात वाजता मुदत मिळत होती आणि रोज ती एका खट् बरोबर संपत होती.

नव्या डावात त्याने घोडा एच-तीनने सुरुवात केली. “डी-पाच,” दादा म्हणाला, चार सेकंदांनी. मग एफ-चार, त्यावर घोडा एफ-सहा. मग जी-तीन, त्यावर सी-पाच. तीन दिवस गेले. आता सोमवारला चारच दिवस होते.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. धाकट्याच्या पटावरचं एक पांढरं प्यादं कित्येक वर्षांपूर्वी हरवलं होतं, आणि धंद्याला साजेसा उपाय म्हणून त्याच्या जागी तो एक दाढ उभी करायचा. कवळीचे दात पट्टीवर ओळीने लावून येतात, त्यातलीच एक. चांगली भक्कम, बूड सपाट, पटावर छान उभी राहायची. या डावात ती राजाच्या पुढच्या घरात, ई-दोनवर होती आणि अजून हलली नव्हती.

त्या दिवशी दुपारी गाणं शिकवणाऱ्या बाई घाईघाईने आल्या. खालच्या कवळीतली दाढ निखळून कुठेतरी पडली होती, आणि दुसऱ्या दिवशी त्यांचं गाणं होतं. “फट राहिली की ‘आ’ वाऱ्यावर जातो हो,” त्या तोंडावर रुमाल धरून म्हणाल्या. धाकट्याने त्यांना बसवलं, रंग जुळवला, पट्टी काढली, तर नेमकी तीच दाढ संपलेली. डोक्यात सोमवार घोळत होता, हात आपोआप चालत होते. हाताला खिडकीजवळ हवी तशी दाढ दिसली, हाताने ती उचलली, बसवली, घासली, आणि बाई “आ” लावून बघत खूश होऊन गेल्या. या सगळ्यात डोक्याचा काहीही संबंध नव्हता.

सातला पाच मिनिटं कमी असताना तो पटासमोर बसला आणि त्याचे डोळे चमकले. उंटाची वाट साफ उघडी! सरळ तिरका बी-पाचला, आणि काळ्या राजाला शह. ही आपल्याला काल कशी दिसली नाही? त्याने फोन लावला.

“उंट बी-पाच,” तो म्हणाला, आणि जरा ऐटीतच, “शह.”

दहा सेकंद. वीस.

“परत,” दादा म्हणाला.

“उंट बी-पाच. शह.”

“उंट जाईल कुठून? मध्ये प्यादं आहे तुझं.”

धाकट्याने टेबलाची कड धरली. एका दमात सात शब्द! आणि त्यातला शेवटचा “तुझं”. चुकीच्या खेळीला उत्तर देता येत नाही, चूक दाखवूनच द्यावी लागते. नियमाच्या पक्क्या माणसाला दुसरा इलाजच नव्हता.

“ई-दोनवर काही नाही,” धाकटा म्हणाला.

“आहे.”

“नाही रे.”

“अरे, हललेलंच नाही ते! नीट बघ.”

त्याने नीट बघितलं. ई-दोनच्या घरात प्लास्टरच्या बारीक धुळीत एक स्वच्छ गोल जागा होती, दाढेच्या बुडाएवढी. तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात उजेड पडला. त्याचं प्यादं या घटकेला गाणं शिकवणाऱ्या बाईंच्या तोंडात होतं. हसू अगदी ओठांवर आलं, ते त्याने दाबलं. कारण “चुकलो” म्हटलं की दादा म्हणणार, “मग दुसरी खेळ,” आणि खट्. तेव्हा चूक पुरती कळलेल्या माणसाने भांडण जोरात पुढे चालवलं.

“मी ते आधीच सरकवलंय,” तो म्हणाला.

“कधी?”

“परवा.”

“परवा तू एफ-चार खेळलास!”

“मग काल.”

“काल जी-तीन! मी लिहून ठेवतो सगळं. पहिल्यांदा तो घोडा, तो एच-तीनला, कुणी खेळतं का तसं? मग एफ-चार, मग जी-तीन. ई-दोनला तू हातही लावलेला नाहीस.” दादाचा आवाज चढत गेला. “तू हे असंच करतोस. पुढ्यात काय आहे ते बघायचं नाही, कुणाला विचारायचं नाही, आणि खेळून मोकळं व्हायचं!”

हे वाक्य प्याद्याविषयी नव्हतं, आणि ते दोघांनाही एकदमच कळलं. खट् होणार, असं वाटून धाकटा थांबला. झालं नाही.

“बाबांचं म्हणतोयस?” त्याने विचारलं.

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

“मी विचारायला फोन केला होता, दादा. डॉक्टर कागद घेऊन समोर उभे होते. तीनदा केला.”

“माहीत आहे.”

“तू म्हणालास, वाजलाच नाही.”

“वाजला.” दादाचा आवाज एकदम लहान झाला. “तिन्ही वेळा वाजला. मी समोरच बसलो होतो. तुझी वहिनी बाहेर गेली होती. ऐन दुपारी तुझा फोन, म्हणजे बाबांचंच काहीतरी, हे मला कळलं होतं. तू विचारणार, करायचं का. मला हो म्हणायचा धीर नव्हता आणि नाही म्हणायचाही नव्हता. हात पुढे केला आणि मागे घेतला. मग तो वाजायचा थांबला आणि मला हायसं वाटलं. हायसं वाटलं रे मला. तुझ्या तोंडावर हे कसं सांगणार होतो? तुझ्यावर चिडून बसणं सोपं होतं. तेव्हापासून रोज सात वाजायच्या आधी फोनवर हात ठेवून बसतो.”

धाकट्याला संताप आला. अंगाचा नुसता जाळ झाला. चार वर्षं तो स्वतःला वडिलांचा मारेकरी समजत आला होता. मध्यरात्री उठून त्या सहीची अक्षरं डोळ्यांपुढे आणत होता. आणि हा माणूस ती घंटा ऐकत बसला होता. फोन आपटायची पाळी आज त्याची होती आणि हात तसा निम्मा खाली आलाही. पण रिसीव्हरमधून दादाचा श्वास ऐकू येत होता, म्हाताऱ्या माणसाचा, धाप लागलेला. त्याने रिसीव्हर पुन्हा कानाला लावला.

“आहेस ना?” दादाने विचारलं.

“आहे.”

घड्याळात सात वाजून दहा मिनिटं झाली होती, आणि फोन अजून चालू होता.

“सोमवारी माझं ऑपरेशन आहे,” दादा म्हणाला. “तुला कळलंच असेल, बायकांकडून. झडप बदलायची म्हणतात. सही करायची आहे. तो कागद रोज काढतो आणि परत ठेवतो. बाबांना तर कुणी विचारलंही नव्हतं, मला सगळे विचारताहेत, आणि मला सांगता येत नाही.” तो थांबला. “करू का रे?”

धाकट्याने डोळे मिटले. पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा त्याच्याच पदरात. या वेळी तो दादाने स्वतःहून टाकला होता. त्याला भीती वाटली, अगदी त्या दिवसासारखीच. पण त्या दिवशी तो एकटा होता.

“कर,” तो म्हणाला. “मी रविवारी येतो. सही करताना शेजारी बसतो. आणि काही बिनसलं, तर खुशाल माझ्यावर राग धर. मला आता सवय झाली आहे.”

“बिनसलं तर राग धरायला मी असेन कुठे?”

“मग तर माझी सुटकाच.”

दादा हसला. हसताना त्याला खोकला आला, खोकता खोकता पुन्हा हसू आलं, आणि हे काय चाललंय ते बघायला वहिनी आतून धावत आल्या असाव्यात, कारण त्यांचा घाबरलेला आवाज धाकट्याला स्पष्ट ऐकू आला.

“अहो, काय होतंय? कोण आहे फोनवर?”

“धाकटा आहे,” दादा म्हणाला. “थांब जरा. बोलतोय आम्ही.”